जड, काळा, चुंबक लागणारा दगड: अशनी की खाणीतला माल? (आठवी-नववीच्या मुलांचे प्रश्न)

विज्ञान_सत्तरी

गोव्यातल्या सत्तरीहून नमस्कार. गणेश चवथीनंतर शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि आमच्या वर्गाच्या वाट्याला ‘अवकाश, खडक, धातू’ हा विषय आलाय. बहुतेक मुलांच्या घरचं कुणी ना कुणी लोहखनिजाच्या खाणीवर नाहीतर ट्रकवर होतं, त्यामुळे दगड त्यांना नवे नाहीत आणि पुस्तकातल्या दोन ओळींवर ती गप्प बसत नाहीत. प्रश्न त्यांचेच, शब्दही जवळपास त्यांचेच:

१. ओहळात सापडलेला दगड काळा आहे, आकाराच्या मानाने भलताच जड आहे आणि त्याला चुंबक लागतं. आकाशातून पडलेला, म्हणजे अशनी, असेल का? शाळेत काय करून बघता येईल?

२. केरीच्या किनाऱ्यावरची काळी रेती चुंबकाला चिकटते. ते लोखंड असेल तर खाऱ्या पाण्यात गंजत का नाही?

३. मंगळ लाल, आमची माती लाल. कारण एकच का?

४. लोखंड जड म्हणून पृथ्वीच्या पोटात बुडालं, असं शिकवतात. मग आमच्या डोंगरांत ते वरच कसं? आणि मुळात आलं कुठून?

५. गंजण्याचा तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग (एकीत साधं पाणी आणि हवा, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेल, तिसरीत ओलावा शोषणारं कॅल्शियम क्लोराइड) दोनदा केला. दोन्ही वेळा तिन्ही नळ्यांतले खिळे गंजले. चुकतंय काय?

हाताशी १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, बर्नर, एक सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळेतली नेहमीची रसायनं आहेत.

कस_आणि_चमक

पहिला प्रश्न घेतो. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात सापडलेल्या काळ्या जड दगडावर पैज लावायची झाली तर ती खनिजावरच लावावी. पण मुलांना उत्तर सांगून टाकू नका, त्यांना कसून काढू द्या.

सुरुवात कसापासून करा. खनिज घासल्यावर पडणाऱ्या भुकटीच्या रंगाला कस म्हणतात. दगडाचा वरचा रंग फसवतो, कस सहसा फसवत नाही. त्यासाठी चिनीमातीच्या कपाच्या बुडाशी जे खरखरीत, बिनचकाकीचं कडं असतं ते वापरा. बाथरूमच्या टाइलची मागची बाजू वापरू नका, ती पुष्कळदा स्वतःच लालसर असते आणि सगळ्या दगडांचा कस लाल येतो. दगडाचा ताजा फुटलेला कोपरा कड्यावर जोर देऊन दोन सेंटिमीटर ओढायचा.

रेघ सुकलेल्या रक्तासारखी लालसर तपकिरी आली तर हेमॅटाइट, मग दगड बाहेरून कितीही काळा आणि चकचकीत असो. पिवळसर तपकिरी आली तर गोएथाइट. काळी आली आणि चुंबक जोरात लागलं तर मॅग्नेटाइट. ही तिन्ही लोहाची खनिजं. काळी आली, बोटंही काजळल्यासारखी झाली आणि चुंबक लागलं नाही तर मँगनीजचं खनिज, रिवणच्या बाजूला ते मिळतं. ताज्या अशनीची रेघ बहुधा उमटतच नाही, उमटली तर फिकट करडी. जुनी गंजलेली अशनी मात्र तपकिरी रेघ देऊ शकते, म्हणून फक्त कसावर निकाल देऊ नये.

मग घनता. यासाठी तुमचा १ ग्रॅमचा काटा पुरतो, पण दगड निदान १५०-२०० ग्रॅमचा हवा. पद्धत अशी:

कोरडा दगड तोला. समजा २१२ ग्रॅम भरला. प्लास्टिकच्या डब्यात पाणी घेऊन डबा काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दगड बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. दोरा हातातच धरायचा. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घनसेंटिमीटर त्या दगडाचं आकारमान. समजा ४३ आला, तर २१२ भागिले ४३, म्हणजे ४.९.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. दगड तळाला टेकला की आकडा एकदम फुगतो आणि घनता खूप कमी येते. दगडाला हवेचे बुडबुडे चिकटलेले असले तरीही घनता कमी येते, म्हणून बुडवल्यावर दोऱ्याला हलका झटका द्यायचा. आणि दगड सच्छिद्र असेल तर पाणी आत शिरत राहतं, आकडा हळूहळू उतरताना दिसतो. असा दगड कोरडा तोलून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी वरून पुसून मग बुडवा, आणि भागाकाराला कोरडं वजनच घ्या. चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा मोजताना हे करावंच लागतं.

४३ मध्ये एका ग्रॅमची चूक म्हणजे घनतेत सुमारे ०.१ चा फरक, हेही मुलांना काढायला लावा. ४.८ ते ५.० असं लिहिणं ४.९३०२ लिहिण्यापेक्षा खरं आहे.

ताडून बघायला आकडे: गारगोटी २.६५, ग्रॅनाइट २.६ ते २.७, बेसॉल्ट साधारण २.८ ते ३.०, चिरा म्हणजे जांभा बहुधा २.५ च्या आत, शुद्ध हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट ५ ते ५.३. नेहमीची दगडी अशनी ३.३ ते ३.८ मध्ये बसते, लोखंडी अशनी ७ ते ८. म्हणजे ४.५ ते ५.२ च्या मधला दगड हातात आला तर तो तुमच्या डोंगरातलाच, कारण अशनींच्या दोन मोठ्या जाती या आकड्याच्या अलीकडे आणि पलीकडे राहतात. (दगड आणि धातू निम्मेनिम्म असलेल्या अशनी याच आकड्यांत येतात, पण त्या फार दुर्मिळ आणि कापल्यावर धातू लख्ख दिसतो.)

तिसरी पायरी, खिडकी पाडणं. दगडाचा एक नको असलेला कोपरा कानशीने नाहीतर धारेच्या दगडावर पाणी टाकून नखाएवढा सपाट घासा आणि भिंगाने बघा. दगडी अशनीत करड्या पिठात पसरलेले चांदीसारखे धातूचे कण दिसतात, बऱ्याच वेळा मिलिमीटरभर आकाराचे गोल दाणेही. खनिजात धातू दिसत नाही. चमक असते, पण ती सगळीकडे सारखी असते आणि घासताना पाणी लाल होतं.

आपल्याकडे फसवणारे तीन प्रकार आहेत. पहिला, गोएथाइटची काळी, गुळगुळीत, मूत्रपिंडासारखी फुगलेली साल. ती अशनीच्या जळक्या सालीसारखी दिसते. खरी जळकी साल फार पातळ असते, मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि आतला दगड एकदम वेगळ्या रंगाचा निघतो. दुसरा, भट्टीतली मळी: वितळून गोठलेली, आत गोल बुडबुड्यांची भोकं. अशनीत अशी भोकं जवळपास नसतातच. तिसरा, मशीनचा तुटका ओतीव तुकडा. तो घासला की अख्खा लखलखतो आणि घनता ७ च्या वर जाते, त्यामुळे मुलं उड्या मारतात. अशनीतल्या लोहात निकेल असतं, साधारण ५ टक्क्यांपासून वर. ते तपासायला डायमिथिल ग्लायऑक्झिम लागतं, निकेल असेल तर गुलाबी रंग येतो. शाळेत ते नसलं तर तिथेच थांबा.

एक गोष्ट राहिली. खरोखर संशयास्पद दगड मिळाला तर त्यावर जोरदार निओडिमियम चुंबक फिरवू नका. अशनीत अवकाशातल्या चुंबकीय क्षेत्राची जुनी नोंद असू शकते आणि ती चुंबकाने पुसली जाते. होकायंत्र जवळ न्या, सुई हलते का बघा. एवढं पुरतं.

तारे_फोंडा

वरच्या उत्तराला एक जोड. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. अशनीतलं धातूचं लोह अशा दमट हवेत टिकत नाही, काही वर्षांत गंजायला लागतं आणि कालांतराने जांभ्यातल्या खड्यांपासून वेगळं ओळखू येत नाही. म्हणून अशनी शोधणारे वाळवंटात नाहीतर अंटार्क्टिकात जातात. भारतातल्या प्रसिद्ध अशनी बहुतेक पडताना लोकांनी पाहिलेल्याच आहेत. बिहारमधल्या शेरघाटी इथे २५ ऑगस्ट १८६५ ला पडलेली तर मंगळावरून आलेली निघाली. प्रदर्शनात एक तक्ता यावर करा, मुलांना हमखास आवडेल.

आता मंगळ. लाल रंगाचं कारण दोन्हीकडे एकाच कुळातलं: ऑक्सिजनशी पुरतं जोडलं गेलेलं, म्हणजे तीन धनभार असलेलं लोह. पण सारखेपणा तिथे संपतो. आपली लाल माती आणि खालचा जांभा भरपूर पाऊस आणि ऊब यांनी लाखो वर्षांत तयार केलाय. पावसाने खडकातला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. न विरघळणारं लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरलं. ही गोष्ट वरवरची नाही, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल खणलं तरी लालच. मंगळाचा लालपणा मात्र पुष्कळ ठिकाणी पावडर लावल्यासारखा आहे. क्युरिऑसिटी गाडीने फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या खडकाला भोक पाडलं तेव्हा आतून करडी भुकटी निघाली. त्यामुळे मंगळाच्या लाल मातीला गोव्याची लाल माती म्हणणं म्हणजे रंग लावलेल्या भिंतीला चिरा म्हणणं.

ऑपॉर्च्युनिटी गाडीला २००४ मध्ये मंगळावर हेमॅटाइटचे मिरीएवढे गोळे मिळाले, ते पाण्यातून साचलेल्या खनिजाचे. तेच हेमॅटाइट तुमच्या ओहळात. हे दोन फोटो शेजारी लावा, पण खाली लिहा की खनिज एक, घडण्याची रीत वेगळी.

लोखंड आलं कुठून, हा प्रश्न मला यादीतला सगळ्यात चांगला वाटला. पुस्तकात असतं की मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यात हलकी मूलद्रव्यं जुळत जुळत लोहापर्यंत येतात. ते बरोबर आहे, पण गाभ्यातलं ते लोह तिथेच कोसळून न्यूट्रॉन ताऱ्यात किंवा कृष्णविवरात अडकतं. बाहेर फेकलं जातं ते स्फोटाच्या क्षणी नव्याने तयार झालेलं, आणि तेही थेट लोह म्हणून नाही. आधी किरणोत्सारी निकेल-५६ तयार होतं. सुमारे ६ दिवसांच्या अर्धायुकालाने (निम्मं उरायला लागणाऱ्या वेळाने) त्याचं कोबाल्ट-५६ होतं, आणि सुमारे ७७ दिवसांच्या अर्धायुकालाने कोबाल्टचं लोह-५६. स्फोट झालेला तारा पुढचे काही महिने चमकत राहतो तो याच ऊर्जेवर. आणि विश्वातल्या लोहाचा मोठा वाटा मोठ्या ताऱ्यांपेक्षा श्वेत बटूंच्या (इंधन संपलेल्या लहान ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या) स्फोटांतून आलेला आहे, हे शाळेत सहसा राहून जातं.

वर्गात करायचं असेल तर ६४ तांदळाचे दाणे घ्या, एक बाजू शाईने रंगवा. डब्यात हलवून पसरा, रंगीत बाजू वर आलेले बाजूला काढा, उरलेले परत हलवा. एक खेळी म्हणजे निकेलचे ६ दिवस. आलेख काढला की अर्धायुकाल समजावून सांगावा लागत नाही.

खणमाती

चौथ्या प्रश्नाचा उरलेला भाग. पृथ्वीच्या पोटात बुडालं ते धातूरूपातलं लोह. सुरुवातीला पृथ्वी वितळलेली असताना धातूचं लोह आणि निकेल खाली गेलं, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीच्या खाली. पण जे लोह ऑक्सिजन आणि सिलिकॉनला धरून खनिजांत अडकलं होतं त्याची घनता धातूएवढी नव्हती, ते वरच्या खडकांतच राहिलं. पृथ्वीच्या एकूण वस्तुमानात लोह साधारण एक तृतीयांश, कवचात मात्र ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुतेक बुडालं, पण सगळं नाही.

५ टक्क्यांवर कुणी खाण काढत नाही. ते एका जागी गोळा व्हावं लागतं, आणि गोव्यात ते दोनदा गोळा झालंय. पहिल्यांदा समुद्रात: त्या काळच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नव्हता, त्यामुळे दोन धनभारांचं लोह मिठासारखं विरघळून राहायचं. सूक्ष्मजीवांमुळे जिथे ऑक्सिजन मिळाला तिथे ते तीन धनभारांचं झालं, पाण्यात विरघळेनासं झालं आणि तळाला बसलं. एक थर लोहाचा, एक सिलिकेचा, असे पट्टे पडले. डिचोली तालुक्यात दिसणारे लाल-करडे-काळे पट्ट्यांचे खडक ते हेच, धारवाड समूहातले (दक्षिण भारतातल्या अतिप्राचीन खडकांचा गट), सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे. दुसऱ्यांदा पावसाने: उष्ण, दमट हवेत त्या पट्ट्यांतली सिलिका हळूहळू धुऊन गेली आणि लोह उरलं. म्हणूनच आपल्याकडचा माल इतका भुसभुशीत असतो, आणि त्याच्या डोक्यावर जांभ्याची टोपी असते.

याचा साधा प्रयोग आहे. प्रयोगशाळेतलं फेरस सल्फेट (हिरवे खडे, ताजे असावेत) अर्धा ग्रॅम घेऊन ५० मिलि. उकळून थंड केलेल्या पाण्यात विरघळवा. पाणी जवळपास स्वच्छ दिसतं. त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला की मळकट हिरवट साका बसतो. आता मत्स्यालयाच्या पंपाने किंवा नळीने हवा फुंकत राहा. पंधरा-वीस मिनिटांत साका वरून तपकिरी होत जातो. नळीने तोंडाने फुंकत असाल तर ओढायचं नाही, फक्त फुंकायचं, आणि डोळ्यांवर चष्मा. जुने खडे वापरले तर ते आधीच पिवळट झालेले असतात आणि बदल दिसतच नाही. तक्रार बहुतेक वेळा याचीच येते.

काळी रेती: तिच्यात मुख्यतः मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट (लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड) असतं. मॅग्नेटाइटमध्ये लोहाच्या तीन अणूंना ऑक्सिजनचे चार अणू आधीच जोडलेले असतात. गंजणं म्हणजे ऑक्सिजनशी जोडलं जाणं, आणि ही रेती ते काम आधीच जवळपास उरकून बसलीय. जळून झालेल्या राखेला पुन्हा आग लागत नाही तसं.

रेती वेगळी करताना ती आधी उन्हात खडखडीत वाळवा, ओली रेती गठ्ठ्याने उचलली जाते. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, दुसऱ्या कागदावर नेऊन चुंबक पिशवीतून बाहेर ओढा, रेती आपोआप गळते. पिशवी विसरलात तर चुंबकाची दाढी झाली म्हणून समजा, मग ती दिवसभर काढत बसा. जुन्या स्पीकरचं काळं फेराइट चुंबक घ्या, त्याला मुख्यतः मॅग्नेटाइटच येतं. निओडिमियम घेतलं तर इल्मेनाइट, हेमॅटाइट आणि जांभ्याचे खडेही येतात आणि ‘शंभरातले इतके ग्रॅम मॅग्नेटाइट’ हा आकडा फुगतो. ओहोटीला नदीच्या मुखाजवळ काळे पट्टे दिसतात तिथली आणि पट्ट्याबाहेरची रेती, दोन्हींचे १०० ग्रॅम वेगवेगळे मोजा. पट्टा का पडतो त्याचं उत्तर घनतेच्या आकड्यांतच आहे: लाट गारगोटीचे दाणे ओढून नेते, त्याच आकाराचे दुप्पट जड दाणे मागे राहतात.

परीक्षानळी

खिळ्यांबद्दल. तिन्ही नळ्या गंजल्या म्हणजे खिळे चांगले निवडलेत, जस्ताचा मुलामा नाहीय. उलट तक्रार जास्त येते, काहीच गंजत नाही म्हणून.

दोष बहुतेक कॅल्शियम क्लोराइडचा असणार. पावसाळ्यात बाटली एकदोनदा उघडली की ते हवेतला ओलावा पिऊन चिकट होतं. असं ओलं क्लोराइड खिळ्याला चिकटलं तर तो साध्या पाण्यापेक्षा लवकर गंजतो. बाटलीतले खडे सुटे नसतील तर चिनीमातीच्या बशीत घेऊन बर्नरवर अर्धा तास चांगले तापवा, गरम असतानाच नळीत घाला. त्यावर कापसाचा बोळा, त्या बोळ्यावर खिळा. खिळा आणि खडे एकमेकांना शिवता कामा नयेत. मग रबरी बूच आणि बुचाच्या कडेला मेणबत्तीचं मेण. क्लोराइड नसेल तर बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या तव्यावर मंद आचेवर वाळवून वापरा.

दुसरी नळी, उकळलेलं पाणी. पाणी खळखळून १० मिनिटं उकळा, गरमच नळीत काठोकाठ ओता, खिळा टाका आणि लगेच वर तेलाचा सेंटिमीटरभर थर द्या. उकळून बीकरमध्ये थंड होऊ दिलंत तर त्यात हवा परत विरघळते आणि सगळी मेहनत पाण्यात.

तरीही किंचित पिवळेपणा येऊ शकतो, त्याला घाबरू नका. आपल्या हवेत १० मिलि. न उकळलेल्या पाण्यात ०.०८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. तेवढ्याने जेमतेम ०.२ मिलिग्रॅम लोह गंजतं. खिळा २ ग्रॅमचा धरला तर हा त्याचा दहा हजारावा भाग, पण १० मिलि. पाणी पिवळसर दिसायला तेवढा पुरतो. मुलांना हा हिशेब करू द्या, मग ‘गंजला’ आणि ‘गंजत राहिला’ यातला फरक कळतो.

सगळे खिळे आधी पॉलिश पेपरने घासा, साबणाने धुवा, पुसा, नंतर बोटं लावू नका, चिमट्याने धरा. घामातलं मीठही पुरतं. चौथी नळी वाढवा: लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या पाण्याएवढं. आणि पाचवीत खिळ्याला जस्ताची पट्टी गुंडाळून त्याच खाऱ्या पाण्यात. होड्यांच्या लोखंडी तळाला जस्ताचे ठोकळे का लावतात ते या दोन नळ्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

प्रदर्शनासाठी आणखी एक सुचवतो: आगकाडीवर लोखंड काढणं. लाकडी काडी हवी, मेणाची चालत नाही. काडीचं गुल पाण्यात बुडवा, धुण्याच्या सोड्यात लोळवा, मग हेमॅटाइटच्या बारीक भुकटीत. बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरा, काडी पेटून निम्मी कोळसा होईपर्यंत. विझल्यावर कोळसा बशीत कुटा आणि पिशवीत घातलेलं चुंबक फिरवा, काळे कण उभे राहतात. काडीचा कोळसा ऑक्सिजन ओढून घेतो, सोडा वितळून भुकटीला कोळशाला धरून ठेवतो. पोलाद कारखान्यातली झोतभट्टी मुळात हेच करते. चष्मा, बांधलेले केस, आणि काडी चिमट्यात.

कस_आणि_चमक

परीक्षानळी, आगकाडीच्या प्रयोगात एक खोट आहे. चुंबकाला कण आले म्हणजे लोखंड झालंच असं नाही. हेमॅटाइट अर्धवट तापून मॅग्नेटाइट झालं तरी चुंबकाला येतंच. आणि भुकटी खाणीच्या दगडाची असेल तर तिच्यात मॅग्नेटाइट आधीपासूनच असू शकतं, मग काडी न पेटवताही प्रयोग ‘यशस्वी’.

परीक्षानळी

मान्य, ते लिहायला हवं होतं. तर असं करा: भुकटीवर आधी चुंबक फिरवून जे येईल ते काढून टाका, उरलेलीच वापरा. शेवटी मिळालेले कण दोनदा पाण्याने धुवा, नाहीतर उरलेला सोडा पुढच्या पायरीत हिरवट-निळा साका देऊन गोंधळ घालतो. मग वॉच ग्लासवर मोरचुदाच्या निळ्या द्रावणाचे दोन थेंब घेऊन त्यात कण टाका. धातूचं लोखंड असेल तर काही मिनिटांत कणांवर तांब्याचा लाल थर चढतो, मॅग्नेटाइट असेल तर काळंच राहतं. भिंगातून बघा. काही काड्यांत तांबं चढणार नाही, त्या ज्योतीबाहेर लवकर काढलेल्या असतात. दहा काड्या करून किती जमल्या ते लिहिलं तर उत्तमच.

विज्ञान_सत्तरी

देव बरे करो सगळ्यांचं! काल दोन तास हेच चाललं होतं. ओहळातल्या दगडाचे आकडे: कोरडा ६४० ग्रॅम, पाण्यातला आकडा १३६, म्हणजे ४.७. कस लालसर तपकिरी. पण दोऱ्याला टांगलेलं चुंबक एका कडेलाच ओढलं जातं, दुसऱ्या बाजूला हलतही नाही. हेमॅटाइट असेल तर चुंबक लागतं कसं?

दुसऱ्या मुलाने आणलेला दगड ३१८ ग्रॅम, आकडा ११८, म्हणजे २.७. काळा, काचेसारखा चमकणारा, आत गोल भोकं. चुंबक अगदी किंचित.

शिवाय एका मुलीचा प्रश्न: चिरा खाणीत कुऱ्हाडीने कापता येतो आणि घराला लावल्यावर कडक होतो, तो का?

खणमाती

चिऱ्याचं: खाणीत तो ओला असतो आणि त्यातलं बरंचसं लोह पाणी धरलेल्या ऑक्साइडांच्या रूपात असतं. बाहेर काढल्यावर तो सुकतो, ओला-सुका होत राहतो, तसे लोहाचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंफले जातात. पुन्हा भिजवला तरी पहिल्यासारखा मऊ होत नाही. जांभ्याचं शास्त्रीय नाव लॅटराइट हे लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून आलंय, फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये केरळातला असाच कापून काढलेला दगड पाहून दिलेलं. ओला ताजा तुकडा मिळाला तर रोज त्याच खिळ्याने, तेवढ्याच जोराने ओरखडा काढून खोली बघा. आठवड्यात फरक पडतो.

कस_आणि_चमक

पहिला दगड मॅग्नेटाइटचा होता आणि बराचसा हेमॅटाइट झालाय, असं या आकड्यांवरून दिसतं. हवापाण्यात मॅग्नेटाइटचं हेमॅटाइट होतं आणि ते कडेकडून, भेगांतून आत सरकतं. ज्या कडेला चुंबक लागतं तिथे जुनं मॅग्नेटाइट शिल्लक असणार. त्या कडेचा आणि विरुद्ध कडेचा कस वेगवेगळा काढा. पहिला काळपट आला, दुसरा लाल, तर शंका मिटली. घनता ५.२ ऐवजी ४.७ आली ती थोड्या सिलिकेमुळे आणि बारीक छिद्रांमुळे. पाण्यात ठेवून आकडा उतरतो का तेही बघा.

दुसरा: घनता बेसॉल्टजवळची आहे, पण सत्तरीत चोर्ल्याच्या बाजूला दख्खनचा बेसॉल्ट असला तरी तो काचेसारखा सहसा चमकत नाही, आणि त्यातली भोकं बहुतेक पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतात. तुमची भोकं रिकामी आणि कडा काचेसारख्या धारदार असतील तर ती भट्टीची मळी. मुलांच्या हाताला लागेल, कागदात गुंडाळून ठेवा.

पुढे कधी घनता ३.३ ते ३.८, खिडकीत धातूचे कण आणि पातळ काळी साल, अशा तिन्ही गोष्टी एकाच दगडात जुळल्या तर दगड धुऊ नका, आणखी घासू नका. सापडलेल्या जागेचा फोटो आणि तारीख लिहून कोरड्या कागदी पिशवीत ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा, देशातल्या अशनी त्यांच्याकडेच जमा होतात. त्याआधी गोवा विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात दाखवला तरी चालेल. आणि मुलांना दगड शोधायला ओहळ पुरे, बंद खाणींच्या पाणी भरलेल्या खंदकांच्या काठाला जाऊ देऊ नका. ती कड भुसभुशीत मालाचीच असते आणि पावसात सरकते.